ई-१०२७ : एका घराचा क्रमांक



भिलाईत घराला नाव क्वचितच असते. असतो तो क्रमांक. टाउनशिपमध्ये सेक्टर, सडक आणि क्वार्टर, हुडकोत एल.आय.जी., एम.आय.जी. आणि त्यापुढे आकडे. म्हणूनच दक्षिण फ्रान्सच्या सागरतीरावरील ‘ई-१०२७’ हे घराचे नाव येथील माणसाला परके वाटू नये. मात्र हा क्रमांक कोणत्याही कार्यालयाने दिलेला नाही. ‘ई’ म्हणजे आयलीन. रोमन वर्णमालेतील दहावे आणि दुसरे अक्षर म्हणजे ज्याँ बादोविची. सातवे म्हणजे ग्रे. आयलीन ग्रे यांनी आपल्या आद्याक्षरांच्या मध्ये त्या सुहृदाची आद्याक्षरे जपून ठेवली होती.

ग्रे यांचा जन्म १८७८ साली आयर्लंडमध्ये झाला. पॅरिसमध्ये सुगावारा या जपानी कारागिराकडे त्या लाखकाम शिकल्या. वास्तुकलेचे रीतसर शिक्षण त्यांना नव्हते. हे घर १९२६ ते १९२९ या काळात उभे राहिले. काम सुरू झाले तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठत आणली होती. नव्याने काही आरंभण्यास उशीर झाला असे मानणाऱ्यांनी हे वय ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

रोकब्रून-काप-मार्तां स्थानकावरून समुद्रकाठच्या पाऊलवाटेने प्रवासी या घराकडे जातात. पांढरे, सपाट छपराचे, खांबांवर तोललेले हे घर आकाराने मोठे नाही. त्याची थोरवी बारकाव्यांत आहे. सूर्य कोठून येतो, वारा कोणत्या दिशेचा, हे पाहून खिडक्या योजिल्या आहेत. वास आत शिरू नये म्हणून स्वयंपाकघराला बाहेरून प्रवेश आहे. काचेच्या गोल मेजाची उंची कमी-अधिक करता येते. अंथरुणात न्याहारी करणाऱ्या पाहुण्यासाठी ते घडविले, असे सांगतात. घर हे राहण्याचे यंत्र, असे ल कॉर्बुझिए म्हणत. ग्रे यांच्या लेखी ते माणसाचे कवच होते.

चंदीगडमुळे भारताला परिचित असलेल्या याच कॉर्बुझिए यांनी १९३८-३९ मध्ये या घराच्या भिंतींवर मोठी चित्रे रंगविली. ग्रे तोवर घर सोडून गेल्या होत्या. त्यांची अनुमती कोणी घेतली नाही. त्यांना तो घाव वाटला, आणि तो वाटणे रास्तच होते. पुढे कित्येक वर्षे घराचे श्रेयही इतरांच्या नावे जात राहिले. आजही घराकडे नेणारी ती पाऊलवाट कॉर्बुझिए यांच्याच नावाची आहे!

युद्धात भिंतींवर गोळ्या झाडल्या गेल्या, नंतर घर ओस पडले. १९९९ मध्ये फ्रान्सच्या किनारा-संरक्षण संस्थेने ते विकत घेतले आणि दीर्घ जीर्णोद्धारानंतर ते लोकांसाठी खुले झाले. चित्रे मात्र पुसली नाहीत. तीही आता इतिहासच. ग्रे यांना हे पाहता आले नाही. १९७६ साली, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी त्या निवर्तल्या.

आपल्याकडे पेरीन मिस्त्री यांनी १९३६ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून वास्तुकलेची पदविका मिळविली. भारतातील पहिल्या स्त्री-वास्तुविशारदांत त्यांची गणना होते. तरी त्यांचे नाव घरोघरी किती ठाऊक आहे?

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने एक विनंती. शाळेच्या जुन्या खोल्यांचे नकाशे, त्या बांधणाऱ्या मिस्त्रींची आणि विटा वाहणाऱ्या बायांची नावे ज्यांच्या स्मरणात असतील, त्यांनी ती कार्यालयात लिहून द्यावीत. एखादेच नाव आठवत असले तरी चालेल.