स्त्रियांचा उद्योग आणि घरचा भार



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं धंदा करून संसार चालविणाऱ्या स्त्रियांविषयीं चार शब्द बोलण्याचें आम्हीं योजिलें आहे. "घरहि पाहते आणि धंदाहि सांभाळते!" असे उद्गार आपण अशा स्त्रीविषयीं कौतुकानें काढतों. परंतु कौतुकाला कांहीं मोल पडत नाहीं. दोन्ही ओझीं एकटीच्या डोक्यावर तशींच ठेवून आपण तिची पाठ थोपटतों, एवढाच पुष्कळदां त्याचा अर्थ होतो. तिची खरी अडचण कोणती, तें प्रथम पाहूं.

पहिली अडचण भांडवलाची. मुंबईच्या गिरणगांवांत कोंकणांतून व घाटावरून आलेले कामगार बायकामुलें गांवीं ठेवून राहत, आणि खानावळवाल्या बायका त्यांस दोन वेळचें जेवण घालीत. जेवणाऱ्यांचे पैसे पगार झाल्यावर यावयाचे, पण पीठ, तांदूळ व तेल तर आजच पाहिजे. मग वाण्याची उधारी आणि सावकाराचें व्याज. तारण ठेवावयास तिच्या नांवाचें घर नाहीं कीं जमीन नाहीं. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिलें. बायकांनीं गट करून एकमेकींस जामीन राहावें व बँकेकडून रास्त व्याजानें कर्ज घ्यावें, अशी ती व्यवस्था होती. बायका त्याच, चूलहि तीच. बदलली ती पैशाची वाट. उणीव अंगच्या गुणांची नव्हती, हें यावरून उघड होतें.

दुसरी अडचण वेळेची. १५ मार्च १९५९ रोजीं गिरगांवांत सात गृहिणींनीं ८० रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटावयास आरंभ केला. तोच पुढें लिज्जत पापडाचा उद्योग झाला. त्यांपैकीं जसवंतीबेन पोपट यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. तेथील रीत लक्षांत घेण्याजोगी आहे. केंद्रांत मळलेलें पीठ भगिनींनीं घरीं न्यावें, सवडीनें पापड लाटून वाळवावे, ते केंद्रांत वजन करून द्यावे व मजुरी घ्यावी. नफातोटा सर्वांचा. तान्हें मूल सोडून जिला बाहेर पडतां येत नव्हतें, तिच्या दारीं काम आलें.

परंतु काम घरीं आलें म्हणजे दिवस मोठा होत नाहीं. ही तिसरी अडचण, आणि ती दूर करणें कोणत्याहि बँकेच्या वा मंडळाच्या हातीं नाहीं. २०१९ सालच्या सरकारी पाहणींत असें आढळलें कीं, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यांत रोज सरासरी २९९ मिनिटें घालवितात आणि घरकामास हात लावणारे पुरुष ९७. पांच तास चुलीपाशीं व भांड्यांपाशीं गेल्यावर तिनें दुकान केव्हां उघडावें आणि हिशेब केव्हां लिहावा? वसईची भाजीवाली टोपली घेऊन पहांटेच्या गाडीनें मुंबईस निघते, तेव्हां मागें धाकट्या मुलांचें कोणीतरी पाहत असतें. तें कोणीतरी पुष्कळदां सासू असते, नाहींतर थोरली मुलगी. मुलीचा अभ्यास बुडवून आईचा धंदा चालावा, हें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

स्त्री धंद्यांत पडली कीं संसार विसकटतो, असें म्हणणारे आहेत. त्यांस आमचें उत्तर असें कीं, एकाच खांबावर सारें छप्पर ठेविलें म्हणजे घर डळमळणारच. दोष खांबाचा नव्हे.

यास्तव, भगिनींनो, मालाची किंमत ठरवितांना आपल्या श्रमाची मजुरी तींत धरा, आणि धंद्याचा पैसा घरखर्चापासून निराळा ठेवा. बंधूंनो, घर किंवा जमीन घेतांना कागदावर पत्नीचेंहि नांव घाला, आणि घरचें एक तरी काम आपलेंच समजून रोज करा. मुलींबरोबर मुलग्यांसहि स्वयंपाक शिकवा.

पुढील ज्युबिलीस आपलीं मुलें येथें जमतील, तेव्हां दोन्ही ओझीं एकटीनें वाहणाऱ्या स्त्रीचें कौतुक करण्याची पाळी त्यांच्यावर न येवो, एवढी इच्छा प्रकट करून आम्ही आपली रजा घेतों.