मैदानाचा दरवाजा
(म्हैसूर येथील भाषणाचा मजकूर)



दसऱ्यात आपल्या या शहरात चामुंडी विहार क्रीडांगणावर सामने भरतात. तेथे जाणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे : खेळ पाहण्याआधी दरवाजा पहा. चाकाची खुर्ची आत जाते काय? शौचालयापर्यंत पोचते काय?

सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले; त्या स्पर्धांतील भारताचे ते पहिलेच सुवर्ण. त्यांच्या जिद्दीचे गोडवे आपण गातो. (२०२४ साली चित्रपटही निघाला!) परंतु ते सैनिक होते, लष्करी उपचारांतूनच त्यांना पाण्याची वाट सापडली, हे आपण विसरतो. ज्याला ती वाट कोणी दाखविली नाही, त्या शेतमजुराच्या मुलाने जिद्द कोठे दाखवावी?

२०१६च्या कायद्याच्या कलम ३०ने क्रीडासुविधा अपंगांना अनुरूप करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. नियमांतील निकष मात्र शिफारसवजाच राहिले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरविला. निकाल झाला, पण उतार बांधणाऱ्या गवंड्याची मजुरी नगरपालिकेच्या अंदाजपत्रकातूनच येणार. तेव्हा त्या सभेच्या दिवशी कामगार संघटना, तालीम मंडळे आणि वस्तीतील लोक अपंग खेळाडूंसोबत हजर हवेत. उतार कोठे हवा, हे त्या खेळाडूंनीच सांगावे. आणि जाताना मोजपट्टी न्या : दरवाजा ९० सेंटिमीटर मोकळा, एक फूट चढाला बारा फूट उतार.