तुकाराम : आपल्या घरचें नांव



आज आम्ही कोणा राजाची वंशावळ सांगावयास उभे नाहीं. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरांत आजा, चुलता, नाहीं तर मामा ज्या नांवाचा असतो, त्या 'तुकाराम' नांवाविषयीं चार शब्द बोलावयाचे आहेत. कारण, अलीकडे बारशाच्या वेळीं हें नांव निघालें कीं घरचीच तरुण मंडळी नाक मुरडतात. "असलें गांवठी नांव नको, शाळेंत पोरें हंसतील," म्हणतात. हंसण्याजोगें त्यांत काय आहे, तें आधीं पाहूं.

नांवाचे तुकडे दोन. 'राम' हा जोड सखाराम, गंगाराम, आत्माराम यांतही आहे. 'तुका' हा शब्द मात्र आपल्या बोलीचा. तुळजापूरच्या भवानीला आपल्या आयाबाया तुकाई म्हणतात. सिंहगडाजवळ कोंढणपुरासही तुकाईचें ठाणें आहे. शहाजीराजांची दुसरी राणी, व्यंकोजीराजांची आई, तिचें नांव तुकाबाई. म्हणजे सुमारें चारशें वर्षांपूर्वीं हें नांव मुलालाही चाले, मुलीलाही चाले. नांगरामागें शोभे आणि वाड्यांतही शोभे.

या नांवाला थोरवी आणिली ती देहूच्या तुकोबांनीं. ते जातीनें कुणबी आणि तसें सांगावयास ते कधीं लाजले नाहींत. घरीं वाण्याचा धंदा व सावकारी होती. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. त्यांत धंदा बुडाला, बायको व मूल गेलें. पुढें आपल्या वाट्याचीं कर्जखतें त्यांनीं इंद्रायणींत सोडून दिलीं, असें परंपरा सांगते. ज्या सावकारानें स्वतः खत बुडविलें, असा दुसरा आपण पाहिला आहे काय? अभंगाच्या शेवटीं त्यांनीं 'जी' लाविला नाहीं कीं 'राव' लाविला नाहीं. नुसतें 'तुका' लिहिलें. त्यांचा भाऊ कान्होबा आपल्या अभंगांत स्वतःस 'तुकयाबंधु' म्हणवी. शिऊरची बहिणाबाई ब्राह्मण कुळांतली; तिनें या कुणब्याला गुरु मानिलें आणि त्यापायीं नवऱ्याचा मारही सोसला.

पुढें हेंच नांव घोड्यावर बसलें. होळकर हें धनगराचें घराणें. अहिल्याबाईंच्या काळीं त्यांच्या फौजेचें काम तुकोजी होळकरांनीं पाहिलें. ते १७९७ सालीं वारले. त्यांच्या मागून त्याच नांवाचे आणखी दोन पुरुष इंदूरच्या गादीवर बसले. त्या शहरांत तुकोगंज नांवाची वस्ती आजही आहे.

मग तें छापखान्यांत गेलें. मुंबईचे तुकाराम तात्या पडवळ हे भंडारी समाजांतले गृहस्थ. त्यांनीं १८६१ सालीं 'जातिभेद विवेकसार' हें पुस्तक लिहून जन्मावरून उंच-नीच ठरविणाऱ्यांस जाब विचारला. याच पडवळांनीं १८८९ सालीं तुकोबांची गाथा छापविली. एका तुकारामाचे शब्द दुसऱ्या तुकारामानें घरोघर पोंचविले.

आणि आपल्याच डोळ्यांदेखतची गोष्ट घ्या. सातारा जिल्ह्यांतील केडंबें गांवचे तुकाराम ओंबळे आधीं लष्करांत, मग मुंबईच्या पोलिसांत नोकरीस होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं गिरगांव चौपाटीवर हातांत नुसती लाठी असतां त्यांनीं हल्लेखोराच्या बंदुकीची नळी धरिली. गोळ्या लागल्या तरी पकड सोडिली नाहीं. त्यांचा प्राण गेला, पण मारेकरी जिवंत हातीं लागला. २००९ सालीं सरकारनें त्यांस मरणोत्तर अशोकचक्र दिलें. २०२१ सालीं ठाणें-कल्याणकडे सांपडलेल्या कोळ्याच्या एका नव्या जातीला शास्त्रज्ञांनीं 'आयसियस तुकारामी' असें नांव दिलें. ज्या नांवाला आमचीं पोरें लाजतात, तें जगाच्या शास्त्रग्रंथांत जाऊन बसलें!

मग हंसें कशाचें? नांवाचें नव्हे. आई 'तुका' म्हणते, भाऊबंद 'तुकाबा' म्हणतात, वारकरी 'तुकोबा' म्हणतात, आणि ज्याला राबणाऱ्याची किंमत नाहीं तो ओट्यावर बसून "ए तुक्या!" म्हणून हांक मारतो. भावाच्या तोंडीं 'तुकया' होतें तें मायेचें; ओट्यावरचें 'तुक्या' तुच्छतेचें. माणूस तोच, घाम तोच. खोट हांक मारणाराच्या जिभेंत आहे, नांवांत नाहीं.

म्हणून आमचें मागणें दोनच. नातवाला नवें नांव ठेवावयाचें तर खुशाल ठेवा. आवड ज्याची त्याची. पण आजाचें नांव केवळ लाजेपायीं टाकूं नका. दुसरें, आपल्या बांधावर मजुरीला येणारा, आपल्या दारीं चपला सांधणारा, सुतारकाम करणारा, त्यालाही पुऱ्या नांवानें हांक मारा. आपणच आपल्या माणसाला तुक्या, म्हाद्या, गण्या म्हणावें आणि ओट्यावरच्यानें मात्र आपणांस राव म्हणावें, हा कोणता न्याय? मान घ्यावयाचा असेल तर आधीं आपल्या दारांत तो द्यावयास शिकूं या.