समुद्राकाठी दोन ताटे

श्रोतेहो, मी कारंज्याचा. कारंजा म्हटले की पुष्कळांना लाडांचे कारंजे आठवते. ते वाशीम जिल्ह्यात. आमचे घाडग्यांचे, वर्धा जिल्ह्यातले, नागपूर-अमरावती रस्त्यावरचे. संत्र्याचे बगीचे, कपाशी-तुरीची वावरे, गवळाऊ गाई असा आमचा मुलूख. समुद्र इथून इतका दूर, की शाळेत मी छत्तीस वर्षे भरती-ओहोटी शिकवली ती फळ्यावर खडूने चंद्र आणि पृथ्वी काढून. स्वतः पाहिली नव्हती.

नोकरी संपली, दिवाळी झाली, आणि आम्ही दोघे मालवणला निघालो. नागपूरहून रेल्वेने मुंबई, तिथून कोकण रेल्वेने कुडाळ, पुढे एस. टी. ही कोकण रेल्वे 1998 साली पूर्ण सुरू झाली, म्हणून आमच्यासारख्यांना एवढा प्रवास झेपला. दुसऱ्या दिवशी होडीने सिंधुदुर्ग किल्ला पाहिला. शिवाजी महाराजांनी 1664 साली कुरटे बेटावर त्याचा पाया घातला, हे मी वर्गात दरसाल सांगे. पण चारी बाजूंनी खारे पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, ही गोष्ट आमच्या घरच्या मंडळींना तटबंदीपेक्षा मोठी वाटली. ज्या बाईने उन्हाळ्यात टँकरच्या मागे गुंड घेऊन धावाधाव केली आहे, तिला ती वाटणारच.

संध्याकाळी किनाऱ्यालगत एका खाणावळीत गेलो. कौलारू पडवी, चार टेबले, शेणाने सारवलेले अंगण. नवरा बाहेर वाढी, बायको आत रांधी. भिंतीवर दरांची पाटी होती. बांगड्याच्या ताटापुढे आकडा होता, सुरमई आणि पापलेट यांच्यापुढे मात्र नुसते ‘दराप्रमाणे’. मला वाटले, पाहुणा पाहून भाव सांगत असावेत. तसे मी थोड्या आडवळणाने विचारलेही. मालकीणबाई हात पुसत बाहेर आल्या. “काकानू, आज सुरमय नाय गावली. बांगडो ताजो आसा.” मग समजावून सांगितले, की बंदरावर मासळीचा लिलाव होतो; होड्या भरून आल्या तर भाव उतरतो, रिकाम्या आल्या तर चढतो. पाटीवर आकडा लिहायचा कसा? संत्र्याचा भाव एका आठवड्यात अर्ध्यावर आलेला मी पाहिला आहे. मी गप्प बसलो.

त्यांच्याकडून आणखीही कळले. जून आणि जुलै हे दोन महिने यंत्राच्या होड्यांना समुद्रात जायची सरकारी बंदी असते. समुद्र खवळलेला असतो हे एक, आणि पुष्कळशी मासळी त्या दिवसांत अंडी घालते हे दुसरे. किनाऱ्यावर अजून रापण ओढतात. होडीतून लांबलचक जाळे अर्धगोल टाकायचे, आणि त्याची दोन्ही टोके माणसांनी वाळूत पाय रोवून ओढायची. जे येईल त्याचे वाटे पडतात. ओढणाऱ्याच्या घरी त्या दिवशीचे कालवण त्या वाट्यातून शिजते.

ताटे आली. उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचे तिरफळ घातलेले कालवण, एक तळलेला तुकडा, आणि वाटीत गुलाबी सोलकढी. कोकमाचे आगळ आणि नारळाचे दूध; आमच्याकडच्या ताकाच्या कढीशी तिचे नावापुरतेच नाते. दोन्ही ताटे मालकांनी एकदम ठेवली. आमच्या बाईंनी आपले ताट हळूच बाजूला सारले.

“तुमी घ्या आधी. मी मंग बसतो.”

श्रोतेहो, लग्नाला अडतीस वर्षे झाली होती. त्या अडतीस वर्षांत आम्ही समोरासमोर बसून एका वेळी जेवलो, असा एक दिवस मला आठवेना. लग्नात जोडीने बसवले होते, तेवढेच. सेवाग्रामच्या आश्रमात बायका-पुरुष एका वेळी जेवत, हे मी मुलांना पाठ करून घेतले होते. सेवाग्राम आमच्याच जिल्ह्यातले. आणि घरी मी, मग मुले, मग आलागेला, आणि शेवटी ती. भांड्यात असेल ते. तूर संपली तर चटणी-भाकर. मी कधी झाकण उचलून पाहिले नाही.

इथे एक गोष्ट मागाहून सांगतो आहे, ती आधीच सांगायला हवी होती. निघण्यापूर्वी महिनाभर तिला चक्कर येत होती. दवाखान्यात रक्त तपासले, हिमोग्लोबिन आठच्या आत निघाले. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि माझ्याकडे पाहून विचारले, “या जेवतात कधी?” मी म्हणालो, “दोन वेळा.” त्या म्हणाल्या, “किती वेळा नाही, कधी?” तेव्हा मला तो प्रश्न समजला नव्हता. 2019 ते 2021 या काळात देशभर घरोघरी आरोग्याची पाहणी झाली. तीत आपल्या महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या दर शंभर स्त्रियांपैकी चौपन्न जणींच्या रक्तात लाली कमी आढळली. कारणे पुष्कळ आहेत, सगळी काही ताटातली नाहीत. पण काही आहेत.

मालकीणबाई दारातून पाहत होत्या. म्हणाल्या, “काकी, दोघांनी एकदम जेवा. निवलो की बांगड्याक चव नाय.”

ती जेवायला बसली. पण बांगडा खावा कसा? आम्हांला रोहू-मरळ ठाऊक. मालकीणबाई शेजारी बसल्या, बोटाने पाठीवर दाबून मधला काटा सबंध उचलून दाखवला. हिने पहिल्या खेपेला अर्धा मासा काट्याबरोबर उचलला, दुसऱ्याला जमले. माझे शेवटपर्यंत जमले नाही. मग तिनेच माझ्या ताटातले काटे काढून दिले, आणि त्यात तिचे जेवण पुन्हा मागे पडले. सवय जायला वेळ लागतो. तिची आणि माझीही.

भात तिने दोनदा मागून घेतला. बाहेर अंधार पडला होता, लाटांचा आवाज तेवढा येत होता. ती म्हणाली, “गरम भात चांगला लागते नाही?”

कारंज्याला परतल्यावर पहिल्या संध्याकाळी मी फळीवरून दोन ताटे काढली. ती म्हणाली, “मंग भाकरी कोन टाकन?” आधी सगळ्या भाकरी टाकून फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात, असे ठरले. शेवटच्या दोन मी टाकल्या. एक तव्यावरच फाटली. ती माझ्या ताटात वाढून ती समोर बसली.