टारफुला आणि तुरीचे पाटे



चंदिगडला नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसापुढे शेतीचा विषय निघतो तो बहुधा गव्हाचा किंवा भाताचा. परंतु हे शहर पंजाबप्रमाणेच हरियाणाचीही राजधानी असल्यामुळे भिवानी, महेंद्रगड अशा कोरड्या जिल्ह्यांतील गाऱ्हाणीही येथवर येऊन पोहोचतात. त्यांपैकी एक गाऱ्हाणे मोहरीवरील ‘मरगोजा’ नावाच्या तणाचे आहे. हे तण स्वतः अन्न तयार करीत नाही. मोहरीच्या मुळांतून ते शोषून घेते. आपल्याकडे तंबाखूवर येणारा बंबाखू हा त्याचा सख्खा भाऊ, आणि ज्वारीवरील टारफुला हा चुलत भाऊ होय. आज मला बोलावयाचे आहे ते या टारफुल्याविषयी, कारण त्याच्यावरील एक उपाय आपल्या शेतकऱ्याच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या होता आणि आता तो सुटत चालला आहे.

टारफुल्याची पांढरी, नाजूक फुले ज्वारीच्या बुडाशी दिसू लागतात, तेव्हा निम्मे नुकसान होऊन गेलेले असते. जमिनीत ओल असूनही ज्वारी पाण्यावाचून सुकल्यासारखी दिसते, याचे कारण चोर अजून मातीखालीच असतो. त्याचे बी धुळीच्या कणाएवढे. एक झाड अशी हजारो बीजे टाकते आणि ती जमिनीत दहा-दहा वर्षे वाट पाहत पडून राहतात. ती नुसत्या पावसाने रुजत नाहीत. ज्वारीचे मूळ अगदी जवळ आले आणि त्यातून विशिष्ट द्रव्य पाझरले, म्हणजेच ती जागी होतात.

हे द्रव्य प्रथम वेगळे काढले गेले ते 1966 साली, आणि गंमत अशी की, ते सापडले कपाशीच्या मुळांत. कपाशीवर हे तण जगू शकत नाही. म्हणजे कपाशीच्या शेतात बी फसून उगवते आणि आधार न मिळाल्याने मरून जाते. वऱ्हाडातील कपाशीनंतर ज्वारी या जुन्या फेरपालटीचा हा एक न सांगितलेला लाभ म्हणावयास हरकत नाही. पुढे 2005 साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखविले की, झाडे हे द्रव्य सोडतात ते मुळांना साहाय्य करणाऱ्या बुरशीला बोलावण्यासाठी. टारफुला ती हाक चोरून ऐकतो. जमीन जितकी निकस, तितकी ज्वारीची हाक मोठी. म्हणून गरिबाच्या शेतात हे तण अधिक माजते.

येथे तुरीचा संबंध येतो. तिफणीमागे सरता बांधून ज्वारीच्या काही ओळींनंतर तुरीचा एक पाटा टाकण्याची आपली रीत होती. पाऊस फसला तरी घरात डाळ यावी, हा तिचा उघड हेतू. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे 1972 साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने या जोडीचा कसून अभ्यास केला. ज्वारी लवकर निघून जाते, तूर आरंभी हळू वाढते आणि मोकळ्या जागेत नंतर पसरते. त्यामुळे ज्वारीचे उत्पन्न जवळजवळ पूर्ण मिळून तुरीचेही अर्ध्याहून अधिक पदरात पडते, असे आढळून आले. तुरीची गळलेली पाने आणि मुळांवरील गाठी जमिनीला नत्र देतात. मात्र त्याचा खरा फायदा पुढील पिकाला मिळतो, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. चवळीसारखे पसरणारे कडधान्य असेल, तर ते जमीन झाकून सावली धरते. तीही टारफुल्याला मानवत नाही.

या विचाराला सर्वांत मोठे यश लाभले ते मात्र आफ्रिकेत. केनियामध्ये व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी झियाउर खान हे भारतीय कीटकशास्त्रज्ञ मक्यावरील खोडकिड्याचा बंदोबस्त शोधीत होते. किडीला दूर ठेवण्यासाठी त्यांनी मक्याच्या ओळींत डेस्मोडियम नावाची शेंगवर्गीय चाऱ्याची वनस्पती लावली, आणि तेथला टारफुलाही जवळजवळ नाहीसा झाला! तिच्या मुळांतील काही द्रव्ये तणाचे बी उगवावयास लावतात, तर काही त्याला मक्याच्या मुळाला चिकटू देत नाहीत. आपल्या दशमुळांतील सालवण याच कुळातील. पण तेवढ्यावरून तिच्या अंगी तोच गुण असेल असे मानू नये. तसेच तुरीलाही डेस्मोडियमचे सामर्थ्य चिकटवू नये. तुरीच्या पाट्यांनी टारफुला एका हंगामात हटणार नाही. फुले येण्यापूर्वी तो उपटावा लागतो, शेणखत घालावे लागते, फेरपालट ठेवावी लागते. हे सारे चार-पाच वर्षे नेटाने केले, तरच जमिनीतील बियांचा साठा आटू लागतो.

अडचण आहे ती निराळीच. सलग एकाच पिकाची पेरणी यंत्राला सोयीची, कापणीला सोयीची, आणि आम्हा कागद हाताळणाऱ्यांनाही सोयीची. हेक्टरी उत्पन्नाचा आकडा एका पिकाचा मागितला, की पाट्यातली तूर हिशेबाबाहेर राहते. वस्तुतः महाराष्ट्राच्या गाव नमुना बारामध्ये मिश्र पिकासाठी आणि त्यातील घटक पिकांसाठी स्वतंत्र रकाने फार पूर्वीपासून आहेत. 2021 पासून शेतकरी स्वतःच मोबाइलवर ई-पीक पाहणी नोंदवू लागला. तेथेही मिश्र पिकाचा पर्याय ठेवलेला आहे. ज्याच्या शेतात तुरीचे पाटे असतील, त्याने तो अवश्य निवडावा, आणि तूर किती क्षेत्रावर आहे तेही भरावे.