जुन्या मोटारीची गळती

पावसाळ्याच्या तोंडावर घर शाकारण्याची कोकणांतील चाल सर्वांस ठाऊक आहे. शाकारूनहि एखाद्या रात्रीं माजघरांत थेंब पडूं लागला, तर जाणता गडी त्या थेंबाच्या नेमकें वर असलेलें कौल बदलीत नाहीं. फुटकें कौल आढ्याजवळ असतें. पाणी वाशावरून घरंगळत येतें आणि जेथें त्यास अडथळा होतो तेथें टपकतें. जुन्या मोटारीच्या एंजिनाची गळतीहि याच वळणाची असते. थेंब जेथें दिसतो तेथें दोष क्वचितच असतो. हें न उमगल्यामुळें मालकाचा पैसा व कारागिराचे श्रम व्यर्थ जातात.

मुंबईस कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यांत तयार होणारी फियाट १९७४ पासून पद्मिनी या नांवानें ओळखली जाऊं लागली. मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून तिनें ऑक्टोबर २०२३ मध्यें निरोप घेतला. परंतु हौशी मालकांनीं ती जतन केली आहे. तिचें एंजिन १,०८९ घनसेंटिमीटरांचें व चार सिलिंडरांचें असून त्याची रचना साधी आहे. अशा एंजिनांतील कॉर्कचीं, कागदाचीं व रबराचीं पॅकिंगें वयोमानानें ताठर होतात. शिवाय रत्नागिरीची खारी हवा आणि वर्षाकाठीं ३,००० मिलिमीटरांहून अधिक पडणारा पाऊस लोखंडी नळ्यांस गंज चढवितो.

पहिला प्रश्न असा कीं, गळतें तें काय? मोटार रात्रभर पडवींत उभी करून खालीं पांढरा कागद पसरावा, आणि पुढचें चाक व एंजिन यांच्या जागा त्यावर खुणेनें दाखवाव्या. एंजिनाचें तेल पिंगट किंवा काळें असतें व त्याचा डाग वाळत नाहीं. रेडिएटरचें पाणी गंजानें तांबूस किंवा त्यांत घातलेल्या द्रवामुळें हिरवट दिसतें. ब्रेकचें तेल पातळ व फिकट पिवळें असून तें रंगावर पडल्यास रंग फुगून उठतो. पेट्रोल उडून जातें. पण त्याचा वास मागें राहतो.

दुसरी पायरी सफाईची. मळलेल्या एंजिनावर गळतीचा उगम शोधणें म्हणजे चिखलांत पाऊल शोधणेंच होय. एंजिन पूर्ण थंड असतांना व बॅटरीची तार सोडून रॉकेल व ब्रश यांनीं तें धुवावें, कोरडें पुसावें आणि वाफ पूर्ण उडून जाऊं द्यावी. मग संशयित सांध्यांवर खडूची बारीक पूड हलकेच भुरभुरावी. मात्र कार्ब्युरेटरच्या तोंडापासून ती दूर ठेवावी. तार जोडून एंजिन चालू करतांना उपरणें किंवा पदर पंख्याच्या पट्ट्याजवळ जाऊं देऊं नये. थोड्याच वेळांत पुढ्यांत ओली रेघ उमटते. ती रेघ खालून वर आणि मागून पुढें अशी वाचीत जावी. कारण तेल वजनानें खालीं उतरतें आणि पंख्याचा वारा त्यास मागें ढकलतो. सर्वांत वरची व सर्वांत पुढची ओली जागा हाच उगम. हल्लीं तेलांत मिसळण्याचा रंगहि मिळतो. अतिनील दिव्याखालीं तो चमकतो व उगम दाखवितो.

येथें घाई करूं नये. कांहीं सांधे एंजिन थंड असतांनाच झिरपतात, कारण तापल्यावर धातु प्रसरण पावून ते घट्ट बसतात. कांहीं मात्र पाण्याचा दाब वाढल्यावरच दोष उघड करतात. म्हणून दोन्ही अवस्थांत पाहणी करावी. परंतु तापलेल्या रेडिएटरची टोपी केव्हांहि उघडूं नये. पाणी कमी होत असून बाहेर एकहि थेंब दिसत नसेल, तर तें आंतच जात असण्याचा संभव असतो. तेल दुधाळ दिसणें ही त्याची खूण होय.

तेल अनेक सांध्यांतून एकदम पाझरूं लागलें, तर सर्व पॅकिंगें बदलण्याची सूचना बहुधा होते. त्यापूर्वीं एंजिनाच्या श्वासनळीकडे पाहावें. पिस्टनाच्या बाजूनें खालीं उतरणारे वायु याच नळीवाटे बाहेर पडतात. ती काजळीनें बुजली कीं आंत दाब वाढतो व तेल मिळेल त्या फटीनें बाहेर येतें. अशा वेळीं नवीं पॅकिंगेंहि गळतात. झांकणाचे बोल्ट जोरानें आवळणें हाहि उपाय नव्हे. त्यानें पत्रा वांकतो व फट रुंदावते.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पुष्कळ जुन्या मोटारींत चारी चाकांचे ब्रेक एकाच तेलमार्गावर चालतात. त्यांतील एक नळी फुटली तर पायाखालचा सर्वच जोर नाहींसा होतो. कोल्हापुरास जातांना आंबा घाट किंवा कऱ्हाडास जातांना कुंभार्ली घाट लागतो. तेथें परततांना उतारावर याचा अर्थ काय होतो हें सांगावयास नको. ब्रेकच्या पट्ट्या झिजल्यानेंहि भांड्यांतील पातळी हळूहळू थोडी उतरते. परंतु ती एकाएकीं उतरल्यास केवळ तेल भरून प्रवासास निघणें हें साहस होय. शिवाय हें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. म्हणून सागरकिनारीं तें ठराविक काळानें बदलावें.

गळतीस असा क्रम लावावा: पेट्रोल किंवा ब्रेकचें तेल गळत असेल तर मोटार जागची हलवूं नये, आणि पेट्रोलाजवळ काडीहि ओढूं नये. पाणी गळत असेल तर त्याच दिवशीं दुरुस्ती करावी. एंजिनाचें तेल थेंब थेंब झिरपत असेल, तर मोजपट्टीवरील पातळी रोज वहींत टिपून सवडीनें उगम शोधावा. महिनाभराच्या या नोंदींवरून गळती वाढते आहे कीं स्थिर आहे हें कळतें, आणि कारागिरापुढें मोटार उभी करतांना मालकाजवळ तर्काऐवजीं पुरावा असतो.