हरणाचा माग सोडायला शिकवताना
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, संपादित)



काल याच व्यासपीठावर सहकारी चळवळीबद्दल ऐकलंत, उद्या संतसाहित्य ऐकाल. मधल्या दिवशी सशांमागं धावणाऱ्या अमेरिकेतल्या कुत्र्यांचं पुष्प गुंफायला संयोजकांनी मला परवानगी दिली, हा त्यांचा मोठेपणा. पण सभागृहात बीगल पाळणारी मंडळी आहेत आणि त्यांची तक्रार मला पाठ आहे. घरात शहाणा, रस्त्यावर नेला की बहिरा! बीगलचं नाक एकदा कामाला लागलं की मालकाच्या हाकेला तो किंमत देत नाही. अशा नाकाला एकाच वासावर टिकवायचं कसं, यावर ओहायो, पेन्सिल्व्हेनिया, केंटकी या भागांतल्या शिकाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या डोकं लढवलं आहे.

आपल्याला शिकारी कुत्रा म्हटलं की मुधोळचा कारवान आठवतो. तो डोळ्यांनी शिकार करतो, वेगावर जिंकतो. बीगल त्याच्या अगदी उलट. उंची जेमतेम तेरा ते पंधरा इंच, पाय आखूड, पायी चालणाऱ्या शिकाऱ्याच्या सोयीचा कुत्रा म्हणून इंग्लंडात वाढवलेला. ससा त्याला बहुतेक वेळ दिसतही नाही. तो माग हुंगत जातो आणि जाताना गळा काढून ओरडत राहतो.

या ओरडण्यावरच सगळी शिकार उभी आहे. तिकडचा कॉटनटेल ससा किलो-सव्वाकिलोचा, आखूड पांढऱ्या शेपटीचा. आपलं काही एकरांचं रान सोडून तो सहसा जात नाही. कुत्र्यानं उठवला की मोठं वर्तुळ मारून उठला होता त्याच्या आसपास परत येतो. त्यामुळं शिकाऱ्याला पळावं लागत नाही. तो जागीच उभा राहतो आणि आवाज कुठून कुठं सरकतोय ते ऐकतो. कुत्रा मुका असेल तर त्याचा शिकाऱ्याला काडीचा उपयोग नाही. माग नसताना उगाच ओरडणारा असेल तर त्याहून वाईट.

पिल्लू साधारण चार-सहा महिन्यांचं झालं की त्याला कुंपण घातलेल्या रानात सोडतात. आत झुडपं, फांद्यांचे ढीग, मोकळे ससे. पहिले काही दिवस पिल्लू डोळ्यांनीच पळतं. ससा झुडपात शिरला की बावचळून उभं राहतं. मग एखाद्या ओलसर सकाळी त्याचं नाक खाली जातं, शेपूट ताठ होते आणि तोंडातून एक चिरका, अर्धवट आवाज निघतो. इथपर्यंत मालकानं शिकवलेलं काहीच नसतं. जाणत्या कुत्र्याबरोबर सोडावं की एकट्यानं, यावर तिकडं जोरात वाद चालतात. माझं मत एकट्याच्या बाजूनं आहे. थोरल्याच्या शेपटीमागं धावायची सवय लागलेलं पिल्लू पुढं स्वतः माग काढायला कचरतं.

खरी परीक्षा माग तुटतो तिथं. ससा उलट फिरतो, बाजूला उडी मारतो, आणि वास एकदम संपतो. कुत्र्यानं तिथंच आसपास घुटमळून धागा पुन्हा शोधायला हवा. नवखा मालक इथं हटकून चुकतो. ससा जाताना त्याला दिसलेला असतो, म्हणून तो पिल्लाला बोट दाखवून बोलावतो. दोन-चार वेळा असं झालं की पिल्लू अडलं रे अडलं की मालकाच्या तोंडाकडं बघायला लागतं.

स्पर्धांनीही एकदा घोळ घातला होता. जोडीजोडीनं कुत्रे पळवायच्या स्पर्धांत पंच अचूकतेला इतकं मानू लागले की संथ, प्रत्येक पावलाचा वास घेणारे कुत्रे जिंकत गेले. त्यांचीच पैदास वाढली. शेवटी ससा कुठल्या कुठं आणि कुत्रा अजून हुंगतोच आहे, अशी गत झाली. शिकारी त्यांना चेष्टेनं वॉकी-टॉकी म्हणत. वैतागलेल्या लोकांनी मग वेगळ्या नियमांच्या स्पर्धा उभ्या केल्या.

आता हरणाकडं येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतली पांढऱ्या शेपटीची हरणं शिकारीमुळं काही लाखांवर आली होती. संरक्षण मिळालं आणि आज ती कोटींच्या घरात आहेत. सशाच्या रानात हरणाचा वास सर्वत्र. तो वास दणकट असतो, आणि हरीण वर्तुळात फिरत नाही. सरळ जातं, मैलोन्‌मैल. मागं गेलेला कुत्रा महामार्गावर सापडतो किंवा सापडतच नाही. शिवाय बऱ्याच राज्यांत कुत्र्यानं हरणामागं लागणं बेकायदा आहे. आवाज वळण न घेता दूर दूर जाऊ लागला की जाणता शिकारी तिथंच कपाळाला हात लावतो.

यावर विजेचा झटका देणारा पट्टा वापरतात. त्याचं मी समर्थन करायला उभा नाही. पण वापरणाऱ्यांतले शहाणे लोक जी पथ्यं पाळतात ती ऐकण्यासारखी आहेत. आधी कुत्रा सशावर पक्का व्हायला हवा. मग हरीण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. बर्फ पडल्यावर हे सोपं जातं, कारण कुत्रा कुणाच्या मागावर आहे ते पावलांवरून वाचता येतं. अंदाजानं झटका दिला आणि कुत्रा त्या क्षणी सशावरच असला, तर सशाच्या वासाचीच धास्ती बसते. असा कुत्रा पुढं नाक खाली घालायलाच भितो. घाईत बिघडवलेले असे कुत्रे तिकडं कमी नाहीत. मला विचाराल तर पट्ट्यापेक्षा कुंपण बरं. हरीण आत येऊ न देता पहिलं वर्ष सशांवर काढलेल्या पिल्लाला पुढं फारसं मारून-मुटकून सांगावं लागत नाही.

आपल्याकडं यातली शिकार करता येणार नाही, करूही नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्या रानसशालाही संरक्षण दिलं आहे आणि कुत्रा सोडून त्याला मारणं हा गुन्हा आहे. पण त्या नाकाला काम लागतंच. तेव्हा बीगलवाल्यांना विनंती: रोज थोडा वेळ गवतात खाऊचा माग काढून ठेवा, मध्ये दोन वळणं द्या, आणि तो अडला की बोट न दाखवता गप्प उभे राहा. टेकडीवर नेताना लांब दोरी लावा. मोर दिसो वा ससा, ती दोरी सोडू नका.